दुधाची माफी

“ह्याला ऑफसेट म्हणतात, आपा,” मुझम्मिल म्हणाला.

रेहाना खवणीवर बसली होती. तिने मान वर केली नाही. अम्माला जाऊन चाळीस दिवस झाले होते. दुपारी चाळिसाव्याला माणसं जेवायला यायची होती, आणि निम्मे नारळ अजून फोडायचेच होते. भाऊ पहाटे मुंबईला उतरून थेट रेवदंड्याला आला होता. आई आजारी असताना नाही, जनाज्याला नाही, चाळिसाव्याला मात्र साहेबांना सुटी मिळाली.

“आमची कंपनी दोह्यात गॅस काढते. धूर होतो. मग त्या मापाने कंपनी दुसऱ्या मुलखात झाडं लावते. इकडचं नुकसान तिकडे भरून निघतं. तो ऑफसेट. तसंच हे. मी मय्यतीला न्हाय पोचलो, कबूल. पण मशिदीत अम्माच्या नावानं थंड पाण्याचा कूलर बसवला ना? येणारा-जाणारा पाणी पिणार, त्या पुण्याचा सवाब अम्माला पोचणार.”

“पाटी बी लावलीस म्हनं.”

“अम्माच्या नावाची.”

“अम्माचं नाव बारीक हाय. तुझं मोठं हाय.”

“ते पेंटरनं केलं.”

“वरातीमागून घोडं ऐकलं व्हतं,” रेहाना म्हणाली. “मय्यतीमागून कूलर आज बघितला.”

मुझम्मिलचा चेहरा लाल झाला. “प्लांट बंद करून काम चाललं होतं. एकालाही सोडत नव्हते. तुला काय ठावं तिकडचं?”

“मला इकडचं ठावं हाय.”

ती जोरजोरात खवू लागली. खोबऱ्याबरोबर करवंटीचं काळंही ताटात पडायला लागलं, तरी तिचा हात थांबेना. भाऊ पडवीत आल्यापासून तिला कळलं होतं की हा कूलरचं सांगायला आलेला नाही. त्याला दुसरंच काही विचारायचं होतं आणि विचारायची छाती होत नव्हती. होऊ दे नाही तर न होऊ दे. ती आपणहून एक अक्षर बोलणार नव्हती. इतकी वर्षं त्याने आडून आडून विचारलं, “अम्मा बरी हाय ना?” आणि तिने सोयीचं उत्तर दिलं. आता त्याने सरळ विचारावं.

अखेर तो खाली बसला. पांढऱ्या झब्ब्याला नारळाच्या शेंड्या चिकटल्या, तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

“आपा, अम्मानं माझं दूध बख्शलं का?”

खवणी थांबली.

जाताना आईने लेकरांना दूध बख्शायचं, म्हणजे अंगावर पाजल्याचं ऋण आपल्या तोंडाने माफ करायचं, अशी त्यांच्यात रीत. अम्मा तर सांगायची, ते माफ झाल्याशिवाय हजला जाऊन आलेला माणूससुद्धा कर्जदारच. ही दोघं तिच्या मांडीवर बसून ते ऐकत मोठी झाली होती.

आणि शेवटच्या घडीला त्या खोलीत रेहानाशिवाय कोणी नव्हतं.

‘न्हाय.’ एवढा एकच शब्द. तो तिने अम्माला आंघोळ घालून कफनात गुंडाळलं तेव्हापासून जपून ठेवला होता. तो म्हटला की हा माणूस जन्मभर गावोगाव कूलर बसवत फिरेल आणि एका रात्रीही सुखाने झोपणार नाही. त्याचे डोळे तिच्या तोंडाला चिकटले होते. इतकं लाचार तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं.

तिने तोंड उघडलं. पण आईच्या नावाने खोटं बोलायला जीभ वळेना. भावापेक्षा तिला त्या जिभेचाच जास्त राग आला.

“बख्शलं,” ती म्हणाली. “कुनी मागितलं न्हाय तरी बख्शलं. दोनदा. ‘माझ्या मुझम्मिलला बख्शलं’ म्हनाली.”

मुझम्मिलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखा रडला. रेहाना बघत राहिली. तिने ना पाणी दिलं, ना पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने त्याने बाहीने नाक पुसलं. चेहरा हलका झाला होता, उजळलाही होता. रेहानाला तो उजेड सहन होईना.

“अल्हम्दुलिल्लाह. केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू,” तो म्हणाला. “तुझं बरं हाय, आपा. तू जवळ होतीस. तुझं तर आधीच बख्शलं असेल.”

रेहानाने ताटातलं खोबरं एका बाजूला सारलं.

“बख्शलं ना?”

तिने नारळाचं दुसरं भकल उचललं आणि पात्यावर दाबलं.

“माझं नाव बी लई घ्यायची ती. रेहाना, पानी दे. रेहाना, कूस बदल. रेहाना, मुझम्मिलचा फोन आला काय?” पातं खोबऱ्यात रुतलं. “दुधाचं इचारायला मला सवड झाली न्हाय.”