पहिली किल्ली

सातव्यांदा स्टार्टर घरघरला, कार्बोरेटरमधून फट्कन धूर उडाला आणि इंजिन पुन्हा गप्प झालं.

"उस्ताद, गाडीला खोकला झालाय. डॉक्टर बोलवा!" शेजारचा वेल्डर ओरडला. जमलेली माणसं फिदीफिदी हसली.

अग्येकुम उस्ताद हसले नाहीत. सुआमेच्या गॅरेजांत पस्तीस वर्षं त्यांचा शब्द प्रमाण होता. नव्यानं बांधलेल्या इंजिनाची पहिली किल्ली मालकासमोरच फिरवायची, तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचाच नेम. म्हणून सकाळी ठिणगीचं टायमिंग लावून त्यांनी बॉनेट मिटलं होतं. आता मालकीण सेरवामावशी दारूची बाटली धरून उभी होती. इंजिन बोललं की पूर्वजांच्या नावानं जमिनीवर शिंपडायची.

"दुसऱ्या कुणाला दाखवायचं का?" तिनं हळूच विचारलं.

उस्तादांची मान खाली गेली. मग म्हणाले, "क्वाजोला बोलवा."

क्वाजो समोरच्याच टपरीत प्लग विकायचा. पूर्वी तो उस्तादांचा चेला. पाच वर्षं शिकला, चेलेपणातून सुटायला महिना उरला असताना त्यानं बांधलेलं इंजिन असंच अडून बसलं. "तुझ्या अंगठ्याला हवा कळत नाही. जा, टोमॅटो विक," असं साऱ्या गल्लीदेखत सुनावून उस्तादांनी त्याला हाकललं. उस्तादानं डोक्यावर पांढरी पावडर उधळून मोकळं केल्याशिवाय चेल्याला इथं कुणी मिस्त्री म्हणत नाही. दोन वर्षं झाली, क्वाजोच्या हाती कुणी गाडी देत नव्हतं.

तो आला, एकच पाना घेऊन. उस्तादांच्या नजरेला नजर देईना.

पहिला प्लग काढून त्यानं भोकावर अंगठा धरला, सगळ्यांना दिसेल असा. दुसऱ्या हातानं पुली फिरवली. आतली हवा अंगठ्याला ढकलू लागली, पुलीवरची खूण शून्यावर आली. ठिणगी आता पहिल्या प्लगला मिळायला हवी. त्यानं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उचललं. आतला काटा चौथ्याकडे तोंड करून बसला होता.

उस्तादांनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"काही नाही, प्लग ओले झालेत," क्वाजो पुटपुटला. अंगाचा आडोसा करून त्यानं डिस्ट्रिब्युटर उपसला, काटा अर्धा फेरा फिरवून परत बसवला, झाकण लावून प्लग आवळला. "किल्ली तुम्हीच फिरवा, उस्ताद."

इंजिन एका झटक्यात बोललं. माणसांनी टाळ्या पिटल्या.

"थांबा," उस्ताद म्हणाले. "प्लगबिग काही नव्हतं. हा माझी अब्रू झाकतोय. काटा मीच उलटा बसवला." ते क्वाजोकडे वळले. "क्वाजो, तुझ्या त्या इंजिनाचं टायमिंग शेवटी मीच तपासलं होतं ना? तेव्हाही माझाच अंगठा चुकला असणार. आणि टपरीत बसवलं तुला!"

"उस्ताद, नका हो असं..."

"गप. मोठं माणूस बोलत असताना मधे बोलू नये."

न्हाव्याकडून पावडर आली. उस्तादांनी ती क्वाजोच्या डोक्यावर, खांद्यांवर मुठीमुठीनं उधळली. मग हत्यारांची पेटी त्याच्यापुढे ठेवली. "उद्यापासून गॅरेज तू उघड. या अंगठ्यावर माझा भरवसा उरला नाही. यापुढे मी इंजिनाला हात लावणार नाही."

क्वाजोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कानशिलं तापली, नजर पेटीवरून वर उठेना.

"बघा, कसा लाजतोय!" सेरवामावशी कौतुकानं म्हणाली. "असा चेला मिळायला भाग्य लागतं."

उस्ताद बाकावर टेकले आणि आपला उजवा अंगठा उलटसुलट करून बघत राहिले. त्या अंगठ्यानं सकाळी काटा अगदी बरोबर लावला होता. दुपारी ते फुफू खायला गेले तेवढ्यात तो उलटा केला होता क्वाजोनं.