घोटभर पाणी

"बाटलीत घोटभर पाणी उरलंय. कुणाला देशील?"

संशोधक बाईंचा हा ठरलेला शेवटचा प्रश्न. समोरचा जवान जरा लाजला. "मामाला," म्हणाला. त्याच्या आधीचाही तेच म्हणाला होता, त्याच्या आधीचाही. अख्ख्या तुकडीला दुसरं नाव सुचत नव्हतं.

मामा सगळ्यांत थोरला. फावल्या वेळात पोरांचे केस कापायचा आणि कापता कापता त्यांच्या घरच्या कटकटी ऐकून घ्यायचा. बाईंना म्हणाला, "इथे मी सगळ्यांचा मामा, आणि तिकडे फोनवर पोटची पोर मला काका म्हणते! परवा मुदत संपली की घरी. तिच्याकडून बाबा म्हणवून घेतल्याशिवाय आता उंबरा ओलांडणार नाही."

ही लढाई कुणालाच नको होती. शहरात रोज मोर्चे निघत, आणि इकडे रोज दोघे-चौघे पोटदुखीचं निमित्त काढून अंथरुणात पडून राहत. पोरं लढतात तरी कशासाठी, हे शोधायला मोठ्या साहेबांनी बाईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

बाईंनी मन लावून शोधलं. "झेंड्यासाठी नाही, साहेब, आणि पगारासाठी तर नाहीच. शेजारच्या माणसासाठी लढतात. टेकडीवरच्या ठाण्याचंच बघा. तिथला सगळ्यांचा लाडका वायरलेसवाला मारला गेला, आणि दुसऱ्या दिवशी एकाचंही पोट दुखेना. नुसते पेटून उठले."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "या तुकडीत असा लाडका कोण?"

बाईंनी कौतुकानं मामाचं नाव सांगितलं. जाता जाता बिचाऱ्याला शाबासकी मिळेल, असं त्यांना वाटलं. शिकलेल्या माणसाचा भाबडेपणा काही औरच असतो.

सकाळी मामाला पहिल्या गाडीत बसवलं आणि ज्या रस्त्यावर सुरुंग आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्या रस्त्याला गाडी धाडली. घरी पाठवायला त्याची कात्री तेवढी उरली.

बाई पुन्हा आल्या तेव्हा पोरं वाढलेल्या केसांनी बंदुका पुसत बसली होती. कुणी कुणाला आपल्या डोक्याला हात लावू देत नव्हतं. आजारी कुणीच नव्हतं. घोटभर पाण्याचं विचारल्यावर एक जण म्हणाला, "मातीत ओतून टाकीन." मग परत बंदूक पुसायला लागला.

बाई तडक साहेबांच्या खोलीत शिरल्या. त्यांना रडू आवरत नव्हतं. "दुसऱ्या दिवशी घरी जायचा होता हो तो! त्यालाच का पाठवलंत?"

साहेब बाईंच्याच अहवालातला आलेख बघत होते. "हा जोर टिकतो किती?"

"महिनाभर," बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. "मग मामाच्या खालोखाल पोरांचा जीव कुणावर आहे?"