कावळ्याला भात बंद

पिंड मांडून पाऊण तास झाला, तरी कावळा शिवेना. गोदावरीकाठच्या पत्र्याच्या शेडवर एक कावळा चांगला ऐसपैस बसला होता, पण खालच्या पानाकडे ढुंकूनही बघत नव्हता. हिरामण अण्णांच्या दहाव्याला कळवणहून दोन जीप भरून माणसं आली होती. ती सगळी हात जोडून उन्हात उभी.

"कायतरी राहिलंय दादाचं," बहिरूकाका म्हणाले. हे अण्णांचे धाकटे भाऊ. "सुयश, शब्द दे बापाला. पोटात कायतरी ठेवून गेलाय तो."

सुयशने शब्द दिले. आईला अंतर देणार नाही. घराचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करीन. कावळ्याने पाठ फिरवली.

"ते नाय रे!" काका पुढे झाले. "खरं काय ते बोल. कार्टुन सोडतो म्हण."

सुयश एकतीस वर्षांचा घोडा. सहा वर्षं तो कार्टूनच्या विनोदी गोष्टी लिहून मुंबईच्या कंपन्यांना पाठवत होता, आणि एक म्हणून विकली गेली नव्हती. आता दैवाची थट्टा बघा, त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट होती ती याच घाटावरच्या एका कावळ्याची. नाना कावळा. त्याला शुगर निघते, डॉक्टर भात बंद करतात, आणि नाना एकाही पिंडाला शिवेनासा होतो. इकडे मेलेले म्हातारे वर जाणाऱ्या गाडीसाठी रांगेत ताटकळतात. एका कंपनीने कळवलं, मुलांच्या कार्यक्रमात मरण चालत नाही. दुसऱ्या कंपनीतल्या बाईंचं मराठी बेताचंच असावं. 'कावळा शिवतो' वाचून त्यांनी लिहिलं, शिंपी कावळा ही कल्पना फार गोड आहे, फक्त तो भात काढून टाका. ते उत्तर ऐकून अण्णा दवाखान्यातल्या कॉटवर खोकला लागेपर्यंत हसले होते.

आता गुरुजींनी दर्भ हातात घेतला. खरा कावळा आला नाही की दर्भाचा करतात आणि तोच पिंडाला लावतात. धर्माला ते चालतं, गावाला चालत नाही. हिरामण तळमळत गेला, असं गाव मग वर्षभर बोलत राहतं. सुयशच्या आईचा, सुलाबाईचा, चेहरा पांढराफटक पडला होता. सुयशने एकदा तिच्याकडे बघितलं.

त्याने मुंडण केलेलं डोकं खाली झुकवलं. "अण्णा, मी लिहिणं सोडतो. सोमवारपासून काका म्हणतील त्या कंपनीत नोकरीला जातो."

संपली सहा वर्षं. त्याला रडूसुद्धा आलं नाही.

कावळ्याने पत्र्यावर चोच घासली आणि तो तिथेच बसून राहिला.

"काहीतरी बोलू नकोस," आई म्हणाली. दहा दिवसांत सुलाबाई पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती. "ते कशाला म्हणतील सोड? दवाखान्यात तू त्यांना नाना कावळ्याची गोष्ट वाचून दाखवत होतास. मधेच नर्स आली आणि शेवट राहिला. तू गेल्यावर मला दोनदा विचारलं, 'सुले, त्या कावळ्याचं पुढं काय झालं असेल गं?' मला काय माहीत? त्यांना शेवट सांग."

"वहिनी, ही काय येळ हाय का कार्टुनची?"

"मग कोणती, भाऊजी?"

काका एक पाऊल मागे सरले. सुयशने गुरुजींकडे बघितलं. बापाच्या पिंडासमोर विनोद करायचा! पण आई हलायचं नाव घेईना. शेवटी तो पानाकडे बघत हळू आवाजात सांगू लागला, दवाखान्यात सांगायचा तसाच.

"तर अण्णा, रांगेतला एक म्हातारा वैतागून नानाला म्हणतो, 'बाबा रे, माझी गाडी सुटायला आली. शिव की!' नाना म्हणतो, 'आजोबा, भात बंद आहे. खाल्ला तर मरेन मी.' म्हातारा म्हणतो, 'अरे गाढवा, तुला खा कोण म्हणतंय? शिव म्हणतोय, शिव! नुसती चोच लावायची आणि उडायचं.'"

मागची माणसं जवळ सरकली. गुरुजींच्या हातातला दर्भ तसाच राहिला.

"नाना विचारात पडतो. बराच वेळ. मग म्हणतो, 'म्हणजे आमच्या सात पिढ्या उगाचच जेवल्या?'"

फसकन कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं. आईने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इथे अण्णा हसले असते. नक्की हसले असते. सुयश मधेच थांबून उपरण्याने डोळे पुसू लागला.

तेवढ्यात पंख फडफडले. शेडवरचा कावळा पानावर उतरला होता आणि भाताचे घास तोडत होता. माणसं सुयशच्या तोंडाकडे बघत होती. त्याने कसंबसं तिकडे बोट केलं.

"काका, शिवला."

"शिवू दे त्याला," बहिरूकाका मान न वळवता म्हणाले. "म्हाताऱ्याला गाडी गावली का नाय, ते सांग आधी."