माथ्याच्या पाच पावलं खाली

१४ जून २०३६. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कांसाधुरा शिखरावर १९४९ सालची पावलं सापडली. बर्फाच्या थरांत दबलेले ठसे वाचणारं यंत्र तिथे दोन दिवसांपासून चालू होतं.

पायथ्याच्या गावात ते यंत्र चालवणारी शर्वाणी देवस्थळी पडद्यासमोर बसली होती. शेजारी एक्क्याऐंशी वर्षांच्या कुंती मर्तोलिया होत्या. शिखरावर पहिल्यांदा १९५१ साली एक परदेशी साहेब चढला, अशी नोंद आहे. कुंतींचे वडील दिवानसिंग मोजणी पथकाचे हमाल होते. त्याआधीच आपण चढलो, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. गाव त्यांना थापाड्या म्हणायचं.

"आमा, ठसे माथ्याच्या पाच पावलं खाली थांबलेत," शर्वाणी हळूच म्हणाली. "पहिल्या चढाईची नोंद करणारी समिती मानणार नाही."

"थांबणारच! वर देवी बसते. तिच्या डोक्यावर पाय द्यायला ते काय साहेब होते?" कुंती हसल्या. "पुढे बघ, गुडघे दिसतील."

शर्वाणीने चित्र मोठं केलं. शेवटच्या पावलापुढे दोन गोल खळगे होते आणि त्यांच्यापुढे कपाळाएवढा तिसरा.

कुंती दारात गेल्या आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी वडिलांचं पूर्ण नाव घेतलं.

दुपारी समितीने एकच प्रश्न विचारला: माथ्यावर पाय पडला का? कुंतींनी 'नाही, टेकवला नाही' असं लिहून सही केली. प्रत्यक्ष पाहून ठरवू, असं समितीने कळवलं आहे. वीस जूनपर्यंत कोणी आलेलं नाही. बर्फ वितळतो आहे, आणि १९४९च्या ठशांवर आता हातभरच थर उरला आहे.