विजेची बंदूक

नाटकात लेकीच्या हाती विजेची बंदूक होती. चाप ओढला की नळीतून ठिणग्या उडत आणि वीस पावलांवरचा खलनायक कोसळे.

"वीज अशी नेम धरून जात नाही," नाटकघराचा वायरमन असलेला तिचा बाप तालमीत कुरकुरायचा. "ती जवळची वाट धरते. आधी बंदूक धरणाराच आडवा होईल."

"काका, प्रेक्षक काही टेस्टर घेऊन बसत नाहीत," दिग्दर्शक हसायचा.

पहिल्या प्रयोगाला लेक अनवाणी उभी होती, मागच्या प्रवेशात सांडलेल्या पाण्यात. तिने बंदूक उचलली आणि विंगेत उभ्या बापाची नजर बंदुकीच्या वायरवर गेली. वायर सोलली होती, उघडं तांबं लोखंडी मुठीला टेकलं होतं. चाप ओढला की वीज थेट तिच्या हातात. संगीताच्या दणक्यात त्याची हाक पोचेना. तो धावला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला.

मिट्ट काळोख झाला, आणि टाळ्यांचा कडकडाट.

दिग्दर्शक चाचपडत आला. "काका, कमाल केलीत. लोकांना वाटलं, बंदुकीने अख्खं नाटकघर विझवलं. रोज असंच करा."

 

"करतो की," म्हणत बापाने लेकीच्या हातातून बंदूक घेतली आणि पकडीने तिची वायर मुळापासून तोडली.