सिमोनीची सही

पावतीपुस्तकात बारा सह्या होत्या आणि बारांपैकी एकही माणसाची नव्हती.

"सिमोनी," संसदेच्या हिशेब समितीच्या अध्यक्षबाई रोडा टेंबो मोठ्यानं वाचू लागल्या. "मारिया. मग हा कोण, चाडझुंडा. ओळखपत्राच्या रकान्यात सगळीकडे नुसती रेघ. चिंबालाबाई, कोण हो हे लोक?"

"लोक नव्हेत ते, अध्यक्षबाई," एतेलिना चिंबाला म्हणाली. ती म्पुंगा जिल्ह्याची सांस्कृतिक अधिकारी. संस्कृती खात्यानं जुलैत महोत्सव भरवला, तेव्हा गुलेचे नाचे गावातून राजधानीत, लिलोंग्वेला, तिनंच आणले होते. "गुले आहेत. मुखवटे."

"मुखवट्यांना तुम्ही तीस-तीस हजार क्वाचा दिलेत?"

"नाचले तेच ना!"

समितीत हशा पिकला. डायसन कापेटा तेवढे हसले नाहीत. ते म्पुंग्याचेच खासदार, आणि खात्याचा खर्च समितीपुढे यावा म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं ते त्यांनीच.

"सरकारी पैसा म्हणजे काय आजीची शेंगांची टोपली आहे, येईल त्यानं मूठभर न्यावी?" कापेटा गरजले. "बाईंनी माणसांची नावं द्यावीत. नसतील तर पैसे भरावेत आणि घरी बसावं."

एतेलिनाची एकोणीस वर्षांची नोकरी एका रकान्यापायी जायची वेळ आली होती, आणि जमलेल्या सगळ्यांत तिला कापेटांचाच राग येत होता. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर गोष्ट वेगळी.

रोडाबाई उत्तरेच्या, म्झिंबाच्या. तिकडे गुले नाही. त्यांना रागापेक्षा नवलच जास्त वाटत होतं.

"मला एवढंच कळू द्या," त्या म्हणाल्या, "मुखवट्याच्या आत माणूस असतो की नाही?"

एतेलिनानं साक्षीला आलेल्या मुखिया म्बिंगवांकडे पाहिलं. म्बिंगवांनी छताकडे पाहिलं.

"मुखिया, पथक तुमच्या गावचं," रोडाबाईंनी विचारलं. "सिमोनीला पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं की. लाल तोंड, हे एवढं नाक. स्मशानाकडच्या रानातून आला, नाचला, परत रानात गेला."

"त्याच्या आत कोण होतं?"

"सिमोनी."

"अहो, सिमोनीच्या आत!"

"आतही तोच, बाहेरही तोच. आंबा सोलून आत केळं निघतं का, पोरी?"

अध्यक्षबाईंना कुणी पोरी म्हणून बरीच वर्षं झाली होती. त्यांना हसू आलं, पण त्यांनी मोर्चा कापेटांकडे वळवला. "खासदारसाहेब, तुम्ही तिकडचेच. लहानपणी तुम्हालाही त्या रानात नेलं असेल. मग तुम्हीच सांगून टाका, आत कोण असतो. बाईंना कशाला छळायचं?"

कापेटांनी तोंड उघडलं. म्बिंगवांनी छतावरची नजर खाली आणली आणि त्यांच्यावर ठेवली. कापेटांनी पेल्यात पाणी ओतलं, ते सावकाश प्यायले.

"मी सिमोनीला पाहिलंय, अध्यक्षबाई," ते म्हणाले.

"आणि माणूस?"

"माणूस पाहिल्याचं आठवत नाही."

आक्षेप काढणारा लेखापरीक्षकही त्याच मुलखातला निघाला. रकाना रिकामा आहे असं त्यानं लिहिलं होतं. त्यात काय भरावं, हे लिहिलं नव्हतं. आता तो फायलीत डोकं खुपसून बसला.

रोडाबाई पुन्हा एतेलिनाकडे वळल्या. "तुम्ही तर बाईमाणूस. तुम्हाला कुणी रानात नेऊन गुपित राखायची शपथ दिलेली नाही. पैसे तुम्ही स्वतः त्याच्या हातात ठेवलेत. तो हात ओळखू आला नाही?"

"ओळखायचं नसतं, अध्यक्षबाई," एतेलिना म्हणाली.

रोडाबाईंनी पेन खाली ठेवलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि सासऱ्यांचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. मुलाच्या शाळेच्या अर्जावरचा आजोबांच्या नावाचा रकाना धाकट्या दिरानं भरला होता. नाव ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं!

"लिहून घ्या," त्या कारकुनाला म्हणाल्या. "बारा ठरले, बारा नाचले, बारांना पैसे पोचले. इथून पुढे पथकाची रक्कम मुखियांच्या सहीनं द्यावी. सिमोनीला ओळखपत्र मागू नये. कुणाची हरकत?"

कापेटांचा पेला रिकामा होता, तरी त्यांनी तो पुन्हा तोंडाला लावला. हरकत कुणीच घेतली नाही.

बाहेर व्हरांड्यात चहा मांडला होता. एतेलिना कपबशी घेऊन एका बाजूला उभी होती. रोडाबाई मंडासींची ताटली घेऊन तिच्याजवळ आल्या. तळणीतून नुकत्याच काढलेल्या, गोड वासाच्या.

"आता कामकाज संपलं," त्या म्हणाल्या. "मी काही गुले पाहिलेले नाहीत. उगाच विचारते, तो सिमोनी नाचतो तरी कसा?"

"बघत राहावं असा, बाई!" एतेलिनाच्या मनावरचं ओझं उतरलं होतं, ती भरभरून बोलू लागली. "धूळ अशी उडवतो की लाल तोंडही दिसेनासं होतं. यंदा जरा डावा पाय ओढत होता. गुडघा धरलाय ना. दीड महिना रोज रात्री निजताना एरंडेल चोळून देतेय मी, तेव्हा कुठे—"

ती थांबली. तिनं घाईनं कप तोंडाला लावला.

रोडाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग ताटलीतली सगळ्यात मोठी मंडासी उचलून तिच्या हातात दिली, आणि एक स्वतःच्या तोंडात घातली.

"खा," त्या म्हणाल्या. "तोंड भरलेलं बरं."