मास्तरांचा उजवा पाय

"बघ, परत सुरू झालं!" म्हणत मास्तर खुर्चीतून ताडकन उठले. मांडीवरचं वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. "काय झालं?"

"मांडीत गुणगुणतंय गं. आत भुंगा कोंडल्यासारखं. हात लावून बघ."

तिनं हात लावला. "मला तर काहीच लागत नाही."

"आता थांबलं. तू आलीस की थांबतं!"

"बसून बसून होत असेल. जरा फिरून या ना बाहेर."

आठवडाभर हेच चाललं होतं. मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. उभा जन्म त्यांनी शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून काढला, उजवा पाय कायम आपल्या बाजूच्या ब्रेकवर. समोरच्यानं चूक करायच्या आत ते ब्रेक दाबत आणि मग असं तोंड सोडत की भलेभले रडकुंडीला येत. महिन्यापूर्वी त्यांनी गाडी विकली आणि ते घरी बसले. घरी बसले म्हणजे खिडकीजवळच्या जाड गादीच्या खुर्चीत बसले. तिथून रस्ता दिसायचा. चुकीचं वळण घेणाऱ्या प्रत्येकावर घरबसल्या ओरडता यायचं.

पण आता ओरडण्यातही मन लागेना. थोरल्या भावाच्या हाताला अशीच थरथर सुटली होती, आणि शेवटी त्याला घास भरवावा लागत होता. मास्तर बसले की मांडी चाचपायचे, उठले की पाय झटकायचे. अंथरुणात पाय अगदी गप्प असायचा, तरी हे त्याच्यावर पहारा देत जागे राहायचे.

"ही खुर्चीच काढून टाकू या," एकदा बायको म्हणाली. "गादी पार खचलीय. कारागीर घेऊन जाईल, नवी भरून देईल."

"खुर्चीला काय धाड भरलीय? माझा पाय निकामी होतोय आणि तुला गादीची पडलीय!"

ती स्वयंपाकघरात वळली. मास्तरांसमोर गप्प बसणं तिच्या चांगलंच अंगवळणी पडलं होतं.

शेवटी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्याला टाचणी टोचली, टाचांवर चालायला लावलं.

"पाय ठणठणीत आहे, मास्तर. झोप लागते का?"

"झोप कसली लागतेय!"

"कसली काळजी आहे का? घरात कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच."

"मुलंबाळं?"

"नाहीत," बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मास्तर म्हणाले. बायकोनं पर्स उघडून रुमाल शोधायला घेतला.

"मग एकमेकांना जपा," बाई हसून म्हणाल्या. "मन रिकामं असलं की ते नसलेली दुखणी शोधून काढतं. रोज संध्याकाळी फिरायला जा."

"मी तेच सांगतेय केव्हापासून," बायको पटकन म्हणाली.

त्याच संध्याकाळी मास्तर फिरायला निघाले. पायानं चकार शब्द काढला नाही. पण कोपऱ्यापर्यंत जातात तोच चपलेचा अंगठा तुटला, आणि ते पाय ओढत माघारी आले.

दार लोटलेलंच होतं. आत बायको खुर्चीसमोर गुडघे टेकून बसली होती. गादी आणि पाठीच्या मधल्या फटीत तिचा हात कोपरापर्यंत गेला होता. दुसऱ्या हातात विणकामाची सुई होती.

"काय चाललंय?"

ती दचकली. "अहो... अंगठी पडली माझी."

मास्तरांनी तिच्या बोटाकडे पाहिलं. अंगठी बोटातच होती. तिनं तो हात पदराआड घेतला. मास्तर काही बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, पण बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला गेली. मास्तर खुर्चीत बसून राहिले. घर शांत होतं. आणि मांडीखाली भुंगा जागा झाला.

या वेळी ते उठले नाहीत. त्यांनी मांडीवर हात ठेवला. मांडी स्वस्थ होती. मग हात खाली गादीवर ठेवला. गादी थरथरत होती.

त्यांनी धाप लागेपर्यंत जोर लावून खुर्ची उलटी केली, खालचं कापड टरकावलं, स्प्रिंगांमध्ये हात घातला. बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. बाहेर आला एक छोटा, बटणांचा फोन. त्यांचा नव्हता. बायकोचा म्हणून जो त्यांना ठाऊक होता, तोही नव्हता.

पडद्यावर न घेतलेल्या फोनांची रांग लागली होती. नंबर एकच. नाव नाही.

पाय बरा होता. मास्तरांना हायसं वाटायला हवं होतं, पण ते जमिनीवरच बसले. फिरून या. खुर्ची काढून टाका. तू आलीस की थांबतं. सगळं एकदम डोक्यात गरगरायला लागलं. या वयात? आपण दिवसभर गाडीत घसा फोडत होतो, तेव्हा हिचं घरी हे चाललं होतं? कोण असेल? गल्लीतला? ओळखीचा? आपल्याच हाताखाली शिकून गेलेला कुणी?

हातातला फोन पुन्हा थरथरला. तोच नंबर.

चार खडे बोल त्यांच्या जिभेवर आले होते, पण ते त्यांनी गिळले. त्याला आधी बोलू दे, आवाज कळू दे. त्यांनी बटण दाबलं, फोन कानाला लावला आणि श्वास रोखून धरला.

"आजी," पलीकडून एक चिमुरडी कुजबुजत म्हणाली, "आई म्हणते, आजोबा घरात असले तर लगेच फोन ठेव. गेले का गं ते?"